सहा लाख दहा हजारांची जुनी ब्रेझा: किंमत कशी ठरवली आणि ती कितपत योग्य ठरली

जानेवारी २०२५ मध्ये मी पारोळ्याच्या एका खत-बियाणे विक्रेत्याकडून ऑक्टोबर २०१८ मध्ये नोंदणी झालेली मारुती सुझुकी विटारा ब्रेझा, झेडडीआय प्रकारातली, डिझेल, ८४,३०० किलोमीटर चाललेली, ६ लाख १० हजार रुपयांना विकत घेतली. मालकाने सुरुवातीला ६ लाख ७५ हजार सांगितले होते. त्यानंतरच्या अकरा महिन्यांत ती आणखी १३,४०० किलोमीटर चालली असून अमळनेरहून धुळे, अमळनेरहून जळगाव आणि तापीपलीकडे चोपडा तालुक्यातल्या शेतापर्यंतचा रस्ता हा तिचा नेहमीचा प्रवास आहे. गाडी चांगली आहे की वाईट यापेक्षा ती त्या किमतीला घेण्यासारखी होती का, हा प्रश्न मला येथे तपासायचा आहे. कारण जुन्या गाडीच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे असतात आणि आपल्याकडे बहुतेक जण पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे पैसे मोजून मोकळे होतात.

आमची गरज ठरलेली होती. आईला दर महिन्याला तपासणीसाठी धुळ्याला न्यावे लागते आणि तिचे गुडघे दुखत असल्यामुळे बसताना फार खाली वाकावे लागणार नाही अशी उंच बैठक हवी होती. शेताच्या वाटेवर दोन नाले आहेत, तिथे छोट्या गाडीचे पोट घासते. हाताशी सात लाख रुपये होते आणि कर्ज काढायचे नव्हते. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी असल्यामुळे आपल्या देशात या छोट्या एसयूव्हींचा वर्ग वाढला, आणि त्या वर्गातली डिझेल गाडी सात-आठ वर्षे जुनी घ्यायची म्हटली की ब्रेझा, टाटाची नेक्सॉन आणि फोर्डची इकोस्पोर्ट ही तीन नावे आधी समोर येतात.

तिन्ही मी पाहिल्या. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे मिळाले, ब्रेझाला त्याच वर्षी प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार मिळाले होते; नेक्सॉनचे डिझेल इंजिन १.५ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे आणि चढावर निःसंशय अधिक दमदार आहे. महामार्गावरच्या स्थिरतेत मला इकोस्पोर्ट सर्वांत आवडली, परंतु फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर केला आणि अपघातात बोनेट किंवा दिवा गेला तर तालुक्याच्या गावी तो किती दिवसांत मिळेल, ही चिंता मला घ्यायची नव्हती. ब्रेझाच्या बाजूने निर्णायक ठरले ते तिचे इंजिन. मूळ फियाटच्या रचनेचे हे १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा अशा असंख्य गाड्यांतून वर्षानुवर्षे आपल्या भागात फिरले आहे, त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, आणि अमळनेर, चोपडा, शिरपूर यांपैकी कोणत्याही गावच्या मेस्तरीला ते डोळे मिटून उघडता येते. जुनी गाडी घेताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा ही ओळख मी जास्त मोलाची मानतो.

पारोळ्याच्या गाडीपूर्वी दोन गाड्या मी नाकारल्या आणि त्या का नाकारल्या ते सांगणे आवश्यक आहे, कारण स्वस्त आणि महाग यांचा माझा हिशेब तिथेच तयार झाला. पहिली जळगावातल्या एका विक्रेत्याकडे होती. रंग चकचकीत, सीटला नवे कव्हर, मीटरवर ६१,००० किलोमीटर आणि किंमत ७ लाख १० हजार. मी नोंदणी क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी विचारल्या, तेव्हा २०२३ मध्येच ती गाडी ८८,००० किलोमीटरच्या पुढे गेलेली निघाली. मीटर मागे फिरवलेल्या गाडीत फसवणूक केवळ किलोमीटरची नसते. त्या किलोमीटरच्या आधारावर क्लच, टर्बो, सस्पेन्शन यांचे उरलेले आयुष्य आपण मोजतो, तो सगळा हिशेबच खोटा ठरतो. मी दुसऱ्यांदा त्या दुकानात गेलो नाही.

दुसरी गाडी सुरतची, जीजे-०५ क्रमांकाची, ५ लाख ४० हजारांना मिळत होती. नंदुरबार आणि धुळ्याच्या लोकांना गुजरातच्या गाड्या नेहमी दाखवल्या जातात आणि त्यांची किंमत पाहून मोह होतो. परंतु त्या गाडीसाठी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते, महाराष्ट्रात पुन्हा रस्ता कर भरावा लागतो, नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि तिथे भरलेला कर परत मिळवायचा तर खेटे वेगळे. हे सगळे धरले तेव्हा फरक उरला तो तीस-पस्तीस हजारांचा, आणि तेवढ्यासाठी गाडीचा अनोळखी पूर्वेतिहास पत्करण्यात मला अर्थ वाटला नाही. पूर्वेतिहास म्हणजे मुख्यतः पाणी. आपल्याकडेही ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुरात चाळीसगाव बुडाले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून विकली जाऊ शकते. म्हणून मी प्रत्येक गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का ते पाहत असे, आणि सीटच्या खालचे लोखंडी रूळ व डॅशबोर्डखालची वायरिंग टॉर्च लावून तपासत असे.

पारोळ्याची गाडी पाहायला जाताना मी अमळनेरच्या एका वयस्कर मेस्तरींना सोबत नेले आणि त्यांना सकाळच्या मजुरीचे हजार रुपये दिले. या सबंध व्यवहारात याहून उपयोगी हजार रुपये मी खर्च केलेले नाहीत. मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते की आम्ही सकाळी सातला येऊ आणि तोपर्यंत गाडी सुरू करू नये. कारण तापलेले डिझेल इंजिन आपले दोष लपवते, थंड इंजिन ते पहिल्या मिनिटातच दाखवते. मी बाहेरून रंग न्याहाळत उभा होतो, तेव्हा मेस्तरी म्हणाले, “भाऊ, रंग देखीसन पैसा देऊ नका, खाले वाकीसन देखा.” आणि ते स्वतः गोणपाट टाकून गाडीखाली गेले.

इंजिन पहिल्या फेरीला सुरू झाले. क्षणभर किंचित काळा धूर आला आणि थांबला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जाते किंवा इंजेक्टर बिघडलेले असतात, यांपैकी काहीही नव्हते. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहिले तर वाफेचा जोर नव्हता, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नव्हता. स्कॅनर लावल्यावर कोणताही जुना दोष नोंदलेला आढळला नाही आणि सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी जुळत होत्या. मेस्तरींनी इंजिनाला चांगले म्हटले आणि अकरा महिन्यांनंतरही त्यांचे ते मत खरे आहे.

क्लच मात्र संपत आला होता. पेडल बरेच वर आल्यावर गाडी उचलत होती, आणि चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम रेस दिली असता इंजिनाचा आवाज वाढून गाडी तेवढ्या प्रमाणात पुढे जात नव्हती. या इंजिनाचा टर्बो मिनिटाला साधारण दोन हजार फेऱ्यांच्या खाली सुस्त असतो, त्यामुळे गर्दीत आणि चढावर अर्धा क्लच दाबून चालवण्याची सवय अनेकांना लागते, आणि आधीच्या चालकालाही ती असावी. टायरवर चार अंकी आकडा २२१८ होता, म्हणजे २०१८ सालच्या बाविसाव्या आठवड्यातले, कंपनीतून आलेलेच टायर. नक्षी निम्मी शिल्लक होती आणि मालक तीच दाखवत होते; पण साडेसहा वर्षे खानदेशचा उन्हाळा सोसलेल्या रबराला बाजूने बारीक भेगा पडल्या होत्या आणि तशा टायरवर मे महिन्यात महामार्गावर जाणे मला धोक्याचे वाटते. पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड खडखडत होते. आपल्या रस्त्यांवर ते अपेक्षितच असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डिकीत सापडली. मालकांचा व्यवसाय खतांचा असल्यामुळे सहा वर्षांत त्या ३२८ लिटरच्या डिकीतून युरिया आणि इतर खतांच्या किती गोण्या गेल्या असतील याची गणतीच नाही. खताचे दाणे हवेतला ओलावा धरतात आणि पत्र्याच्या सांध्यात बसून तो कुजवतात. गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढली तेव्हा खोबणीच्या तळाशी तळहाताएवढा गंज होता, पत्रा अद्याप पोखरलेला नव्हता. बाहेरून ही गाडी निर्दोष दिसत होती, चुंबक फिरवून पाहिले तर पुट्टीही कुठे नव्हती, आणि तरीही तिच्या किमतीतला मोठा प्रश्न त्या गालिच्याखाली होता. गंज घासून, रसायन लावून, रंगाचे दोन हात देऊन थांबवता येईल असे मेस्तरींनी सांगितले नसते, तर मी तिथूनच परत फिरलो असतो. ज्याची गाडी घेता, तो तिच्यातून काय वाहून नेत होता हे अवश्य विचारावे.

हिशेब आम्ही त्याच दिवशी मांडला. टायर ३०,०००, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी मिळून १५,५००, बॅटरी ६,५००, सस्पेन्शनचे काम ९,०००, डिकीचा गंज ६,०००. एकूण ६७,००० रुपये. हे सगळे ठाकठीक असलेली अशीच गाडी त्या वेळी जळगाव आणि धुळ्यात साधारण ६ लाख ७० हजारांना मिळत होती, हे मी महिनाभर दहा-बारा गाड्यांचे भाव विचारून जाणून घेतले होते. त्यातून दुरुस्ती वजा केली की ६ लाख ३ हजार उरतात. विमा आणि नाव लावण्याचा खर्च घेणाऱ्याचाच, म्हणून तो मी वजा केला नाही. मात्र स्वतःच्या खिशासाठी तोही मोजला, विम्याचे १३,५०० आणि आरटीओचे ३,५००. मालकांना सवलतीसह कमी विमा हप्ता पडत होता आणि तोच आकडा त्यांनी मला सांगितला होता, परंतु दावा न केल्याबद्दलची ती सवलत माणसाची असते, गाडीबरोबर येत नाही.

घासाघीस करताना मी गाडीला नावे ठेवली नाहीत. ज्याने गाडी जपली आहे त्याला तिची निंदा ऐकवत नाही आणि व्यवहार तिथेच तुटतो. मी कागदावर लिहिलेली दुरुस्तीची यादी त्यांच्यापुढे ठेवली, टायरवरचा आकडा दाखवला, डिकीतला गंज त्यांनी स्वतः पहिल्यांदाच पाहिला. चहा झाला, त्यांनी घरात विचारले आणि ६ लाख १० हजारांवर बोलणे संपले. सात हजार रुपये मी माझ्या हिशेबापेक्षा जास्त दिले, ते पूर्ण सर्व्हिस नोंदी आणि एकच मालक असल्याबद्दल, आणि ते मला आजही योग्य वाटतात.

कागदपत्रांत एक अडचण होती. त्यांचे कर्ज फिटलेले होते, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवून घेतला, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आरसीवर माझे नाव चढेपर्यंत वीस हजार रुपये राखून ठेवायचे असे लेखी ठरले होते आणि त्यांनीही ते मोकळ्या मनाने मान्य केले. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणेही बाकी होते, ते नंतर केले. ई-चलन काही थकलेले नव्हते.

आता अकरा महिन्यांचा अनुभव. दुरुस्तीचा अंदाज ६७,००० होता, प्रत्यक्षात ७१,२०० लागले. एसी मात्र मी जानेवारीत तपासला आणि ती माझी चूक झाली. त्या थंडीत हवा गार येते एवढ्यावर मी समाधान मानले. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला तेव्हा दुपारी धुळ्याहून परत येताना आईला घाम फुटला आणि तपासल्यावर खडी लागून कंडेन्सरला बारीक छिद्र पडलेले निघाले. त्याचे ८,८०० रुपये झाले. गाडी हिवाळ्यात घेत असाल तर एसीच्या गॅसचा दाब यंत्राने मोजून घ्यावा, हाताने गारवा पाहू नये. सगळे मिळून गाडी मला ७ लाख ७ हजारांना पडली. नेहमीच्या दोन सर्व्हिसचे ११,६०० वेगळे.

मोकळ्या रस्त्यावर ती लिटरला साडेअठराच्या आसपास देते, उन्हाळ्यात एसी लावून गावात साडेसोळा. आई विनासायास बसते आणि उतरते, हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठे समाधान आहे. मागच्या सीटला एसीची स्वतंत्र जाळी या मॉडेलमध्ये नाही, आणि आपल्या हवेत ही उणीव खरोखर जाणवते. तीन माणसे मागे बसली की पहिली वीस मिनिटे त्यांना सोसावे लागते. सस्पेन्शन थोडे कडक आहे. चार माणसे आणि सामान घेऊन चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यावे लागते, पण एकदा टर्बो लागला की गाडी दमत नाही. जमिनीपासूनची १९८ मिलिमीटर उंची नाल्यांसाठी पुरेशी ठरली. मात्र ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, नावात एसयूव्ही असली तरी. जुलैत शेताच्या वाटेवर काळ्या मातीत ती अशी रुतली की ट्रॅक्टर लावून काढावी लागली, आणि तो दोष गाडीचा मानण्याचे कारण नाही. काळ्या मातीचा चिखल टायरला एकदा लिंपला गेला की उंचीचा काही उपयोग उरत नाही. ज्यांना पावसाळ्यात रोज शेतात जायचे आहे त्यांनी या वर्गातली गाडी त्या अपेक्षेने घेऊ नये.

तर ६ लाख १० हजार ही किंमत योग्य होती का? जानेवारी २०२५ मध्ये, महिन्याला बाराशे किलोमीटर चालणाऱ्या माझ्यासारख्यासाठी, होती. डिझेल ९१ आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, डिझेल गाडी लिटरला १८ आणि तशीच पेट्रोल गाडी साडेचौदा देते असे मानले, तर माझी बचत महिन्याला सुमारे २,६०० रुपये, वर्षाला ३१,००० होते. नोंदणी २०३३ पर्यंत आहे. पाच वर्षे वापरून गाडी दोन-सव्वादोन लाखांना गेली तरी वर्षाला लाखाच्या आसपास ती मला पडेल, आणि नव्या गाडीची घट पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्याहून जास्त असते.

परंतु आज कोणी मला तीच गाडी, त्याच अवस्थेत, त्याच किमतीला दाखवली तर मी घेणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी, उपकरासह ३१ टक्के होता तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे पूर्वी दहा लाखांना मिळणारी नवी गाडी, कंपनीने सगळा फायदा दिला तर, नऊ लाखांच्या जवळ येते. नवीचा भाव लाखाने उतरला की जुनीचा भाव जागेवर राहू शकत नाही. तो तेवढ्याच रकमेने उतरणार नाही हे खरे, पण त्या रकमेच्या निम्म्याने तरी उतरायला हवा. अनेक विक्रेते अजून जुन्याच भावाची आठवण धरून बसले आहेत, आणि दाखवायला कागदावर आधीचे व्यवहार देतात. अशा वेळी आधी त्याच वर्गातल्या नव्या डिझेल गाडीचे आजचे कोटेशन हातात घ्यावे आणि मग जुनीचे बोलणे करावे. माझ्या अंदाजाने ती पारोळ्याची गाडी आता साडेपाच ते पावणेसहा लाखांची आहे. प्रदूषणाच्या बीएस-६ या नव्या मानकाच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते आणि ती मोकळी राहायला मधूनमधून लांबचा प्रवास लागतो, त्यामुळे केवळ गावात फिरणाऱ्याला नवी डिझेल देखील सोयीची नाही, हे जुनीच्या बाजूने नोंदवले पाहिजे. माझी त्याआधीच्या बीएस-४ मानकाची असल्याने तिला तो व्याप नाही.

चोपड्याचा माझा आतेभाऊ माझी गाडी पाहून अशीच डिझेल शोधत होता. त्याचे फिरणे महिन्याला साडेतीनशे किलोमीटर, तेही बहुतेक गावातल्या गावात. त्याच्या बाबतीत इंधनातली बचत वर्षाला नऊ हजारांच्या आसपास येते आणि इंजेक्टर किंवा टर्बोचे एकच काम निघाले तर कित्येक वर्षांची बचत एका दिवसात संपते. मी त्याला पेट्रोल पाहायला सांगितले आहे. येत्या रविवारी धरणगावला २०२१ ची एक पेट्रोल ब्रेझा पाहायला जायचे ठरले असून मेस्तरी सोबत येणार आहेत, आणि मालकांना आदल्या रात्री फोन करून गाडी सकाळी सुरू करू नका असे सांगण्याचे काम आतेभावाने माझ्याकडे दिले आहे.